रानातले कपडे, घरचं धुणं

यावेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी तरी रानात घालायच्या कपड्यांबद्दलची निघाली. कुणी लपणात बसून फोटो काढतं, कुणी पक्षी मोजायला जातं, आणि जिथे कायद्याची परवानगी आहे तिथे परवाना काढून शिकारीला जाणारेही दोघंतिघं आहेत. मी २२ वर्षं कापडाच्या प्रक्रियागृहात, रंगविभागाच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन रानात गेले. म्हणून ही सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत.

उत्तरांआधी एक सांगते, म्हणजे ते प्रत्येक पत्रात पुन्हा लिहायला नको. घरात आपण कपडे धुतो तेव्हा मळ काढतोच, शिवाय कापडात काहीतरी घालूनही ठेवतो. पांढरेपणा, सुवास, मऊपणा हे सगळं पावडर आणि कंडिशनरमधून कापडावर बसतं आणि तिथेच राहतं. रानातल्या कपड्याला यातलं काहीच सोसत नाही. मळ निघावा आणि साबणासकट सगळं बाहेर जावं, एवढंच त्याचं धुणं. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतूनच निघतं.

प्रश्न : ताई, मी झाडापानांच्या नक्षीचे महागडे कपडे घेतले. नवे होते तेव्हा हरणं अगदी जवळून जायची. सहा महिन्यांनंतर आता लपणात बसलो तरी दुरूनच माना वर करून माझ्याकडे बघतात. कपडे मी नेहमी स्वच्छ धुतो, घरातली सगळ्यात चांगली पावडर वापरतो. माझं काय चुकतंय?
– एक छायाचित्रकार

उत्तर : तुमची ती ‘सगळ्यात चांगली पावडर’ मला आधी तपासावीशी वाटते.

पांढरे कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या बहुतेक पावडरींमध्ये एक द्रव्य घालतात. आम्ही प्रयोगशाळेत त्याला नुसतं ब्राइटनर म्हणायचो. ते मळ काढत नाही. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण, साधारण ३४० ते ३७० नॅनोमीटरचे, ते शोषून घेतं आणि ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बाहेर टाकतं. पिवळट पडलेल्या कापडाला हा निळा उजेड मिळाला की डोळ्याला ते शुभ्र वाटतं. कल्पना जुनी आहे. १९२९ साली पॉल क्राइस या जर्मन रसायनतज्ज्ञाने हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या सालीतल्या एस्क्युलिन नावाच्या द्रव्याने अर्धवट विरंजन (ब्लीच) केलेलं लिनन उजळून दाखवलं, तिथून याची सुरुवात झाली. सदऱ्याला हे छान आहे. तुमच्या हिरव्या-तपकिरी शर्टावर मात्र तोच निळा उजेड पसरतो.

आता हरणाच्या बाजूने बघा. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. १९९० च्या दशकात अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या डोळ्यांवर मोजमापं झाली तेव्हा हे पक्कं झालं. लाल-नारिंगी ओळखणारी पेशी त्याला नाही, निळा मात्र त्याला उत्तम दिसतो. शिवाय आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील किरण अडवतं, तसं त्याचं फारसं अडवत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे नेमकं तुम्ही बसता तेव्हा, उजेडात निळ्याचाच भाग जास्त असतो. सगळं रान मंद, मातकट आणि त्यात तुमचा शर्ट उठून दिसणारा.

खरंच तसं आहे का, हे घरी तपासता येतं. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मिळवा. जांभळा उजेड टाकणारी स्वस्त टॉर्च या कामाला तितकीशी चालत नाही, तिच्याच उजेडाने फसायला होतं. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, शेजारी छपाईचा पांढरा कागद ठेवा आणि टॉर्च कपड्यावर धरा. कागद निळा पेटल्यासारखा दिसेल, कारण त्यातही हेच द्रव्य असतं. कपडा काळपट राहिला तर शंका मिटली. तोही कागदासारखा उजळला तर दोष पावडरीचा. टॉर्च डोळ्यांत धरू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

नवी पावडर निवडण्याआधी मी एक करते, तेही तुम्हाला सांगते. विरंजन न केलेल्या कोऱ्या मांजरपाटाच्या तळहाताएवढ्या चिंध्या कापायच्या. एकेक चिंधी एकेका साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवायची, तीनदा विसळायची, वाळवायची आणि अंधारात ओळीने मांडून टॉर्च लावायची. वेष्टनावर काही का छापलेलं असेना, चिंधी खोटं बोलत नाही. रंगीत कपड्यांसाठी म्हणून जे द्रव साबण येतात, त्यांतले पुष्कळसे या परीक्षेत पास होतात. नीळ तर या कपड्यांच्या आसपासही नको.

उजळलेला शर्ट पूर्ववत होईल का? काही अंशी. पावडरीतलं ब्राइटनर मुख्यतः सुती धाग्यावर रंगासारखं चढतं, पॉलिएस्टरवर फारसं नाही. तेव्हा शर्ट सुती किंवा मिश्र कापडाचा असेल तर ब्राइटनर नसलेल्या साबणात, लेबल परवानगी देईल तेवढ्या कोमट पाण्यात पाचसहा वेळा धुवा, दर वेळी एक विसळणं जास्त द्या. हळूहळू उतरतं. ऊनही ते मोडतं, पण त्यासोबत कपड्याचा रंगही जातो, म्हणून उन्हाच्या भरवशावर राहू नका. ब्लीचिंग तर मुळीच नाही. आणि कापड पॉलिएस्टरचं असून कोरं असतानाच उजळत असेल, तर ब्राइटनर धाग्याच्या आतच आहे. ते निघायचं नाही. तो शर्ट आत घाला, वरून दुसरा चढवा.

एक मात्र मनापासून सांगते. शर्ट निर्दोष असला तरी हात हलला की हरिण बघणारच. रंगापेक्षा हालचाल त्याला लवकर कळते. लपणाच्या फटीतून कॅमेरा फिरवताना तुमची बाही बाहेर येते का, हेही एकदा बघा.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ शिकारीला जातो. जाण्याआधी आठवडाभर कपडे पानांत पुरून ठेवतो, गंध शोषणारे कोळशाचे कपडे घेतो, घरात कुणी त्यांना हात लावलेला चालत नाही. एवढं करून माणसाचा वास खरंच जातो का? धुणं माझ्याकडे आहे, म्हणून विचारते.
– एक बहीण

उत्तर : पूर्ण जात नाही. वारा माणसाकडून जनावराकडे वाहत असेल तर कुठल्याही साबणाने माणूस लपत नाही. श्वास, केस, कातडी, सगळ्यालाच वास असतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसणं हे भावाचं काम आहे आणि ते त्याने केलं तरच तुमच्या धुण्याला अर्थ आहे. पण मग धुण्याने फरक पडतो, हेही खरं.

ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे आणि कापडावरचे जिवाणू तो घाम खातात, त्यातून वास तयार होतो. म्हणून कुठलं कापड आहे याला महत्त्व आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट २८ तास ठेवून दिले आणि मग हुंगून तपासले. पॉलिएस्टरच्या शर्टांना सुतीपेक्षा जास्त उग्र वास आला, आणि वास करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर जोमाने वाढलेले आढळले. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही पण घामातलं तेलकट धरून ठेवतं. अंगालगत भाऊ जे घालतो ते लोकरीचं, मेरिनो मेंढीच्या लोकरीचं असेल तर निम्मं काम तिथेच होतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एकतृतीयांश बाष्प पोटात घेते आणि तरीही कातडीला कोरडी लागते, वासही सहज बाहेर सोडत नाही.

तुमच्याकडच्या धुण्याचं सांगते. कपडे घरी आल्या आल्या धुवा. ओले, घामट कपडे रात्रभर पिशवीत कोंबून ठेवले की जिवाणूंना तेच हवं असतं. उलटे करून धुवा, घाम आतल्या बाजूला असतो. त्याआधी मशीनच नीट हुंगून बघा. कितीतरी घरांत बिनवासाचा साबण आणतात, पण मशीनच्या कप्प्यात जुन्या कंडिशनरचा चिकट थर तसाच असतो आणि दाराच्या रबरी घडीत आधीच्या धुण्याचा सुवास बसलेला असतो. कप्पा काढून ब्रशने घासा, रबर पुसा, मशीन एकदा गरम पाण्यावर रिकामं चालवा, मगच हे कपडे टाका. साबण कमी घ्या. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ ही समजूत फार घट्ट बसलेली आहे. जो साबण विसळून निघत नाही तो मळाला धरून ठेवतो आणि वासाचं घर होतो. शेवटच्या विसळण्याचं पाणी हातात घेऊन बोटं चोळा. बुळबुळीत लागलं तर अजून एकदा विसळा.

वाळत घालताना स्वयंपाकघराची खिडकी टाळा. फोडणीचा वास कापडात किती भरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पुरते वाळले की घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा. किंचितही ओलसर राहिले तर आत कुबट वास धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. डांबराच्या गोळ्या नकोत.

पानांत पुरण्याबद्दल माझं मत विचाराल तर त्यात मातीचा ओलावा, बुरशी आणि किडे कपड्यात येण्याचीच शक्यता मला जास्त दिसते. आणि कोळशाच्या कपड्यांना ड्रायरमध्ये फिरवून ‘पुन्हा ताजं’ करा असं जे सांगतात, त्यावर फार विसंबू नका. वापरलेला सक्रिय कोळसा खरोखर मोकळा करायला कारखान्यात त्याला शेकडो अंश तापवावं लागतं. घरच्या ड्रायरमध्ये तेवढी उष्णता येत नाही. थोडाफार वास उडून जातो, इतकंच.

प्रश्न : पावसाचं जाकीट तीन वर्षांचं झालं. पाणी आत येतं. धुतलं तर खराब होईल म्हणून मी ते एकदाही धुतलेलं नाही. आता टाकून द्यावं का?

उत्तर : टाकू नका. ते न धुतल्यानेच असं झालं असण्याची दाट शक्यता आहे, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

अशा जाकिटात दोन गोष्टी असतात. एक आतला पातळ पडदा. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी तापवलेला पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखलं जाणारं प्लास्टिक) एका झटक्यात ताणला आणि तो न तुटता कितीतरी पट लांबला. त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला, तोच गोर-टेक्स. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा मोठी असतात, म्हणून पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ बाहेर पडते. इतरही बनावटीचे पडदे असतात, काम तेच. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप, ज्याच्यामुळे नव्या जाकिटावर थेंब अळूच्या पानावरच्यासारखे घरंगळतात. मळ, घाम, धूर, सनस्क्रीन यांनी हा लेप झाकला जातो. मग वरचं कापडच पाणी पितं, गार आणि जड होतं, वाफ बाहेर पडायची वाट बंद होते. आत जी ओल लागते ती बहुतेक वेळा तुमच्याच घामाची असते. पाऊस आत आलेलाच नसतो.

सगळ्या चेनी आणि पट्ट्या लावून घ्या, लेबल वाचा. अशा कपड्यांसाठीचा द्रव साबण थोडासा घेऊन कोमट पाण्यात हलक्या चक्रावर धुवा, दोनदा विसळा. फॅब्रिक सॉफ्टनर नाही म्हणजे नाही. त्याचं काम धाग्यावर थर चढवण्याचं, आणि तो थर पाण्याला उलट आत ओढतो. वाळल्यावर जाकिटाला उष्णता द्या, हा टप्पा लोक विसरतात. लेबलवर मनाई नसेल तर कोरडं जाकीट ड्रायरमध्ये कमी-मध्यम उष्णतेवर २० मिनिटं फिरवा. ड्रायर नसेल तर वर टॉवेल पसरून, वाफ बंद ठेवून, कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने दबलेला लेप पुन्हा उभा राहतो. मग वाटीभर पाणी ओतून बघा. थेंब घरंगळले तर जाकीट वाचलं. पसरले तर फवाऱ्याचा किंवा धुण्यातला नवा लेप द्यायची वेळ आली.

नवा लेप घेताना फ्लोरिनविरहित घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. जुन्या लेपांतली फ्लोरिनची रसायनं पाण्यात आणि मातीत गेली की वर्षानुवर्षं मोडत नाहीत. ज्या रानासाठी आपण हे कपडे घालतो तिथेच ती झिरपतात. नव्या लेपांना तेलकट डाग लवकर चिकटतात, त्यामुळे धुणं थोडं वारंवार करावं लागतं. तेवढं करूया.

शिवणीच्या आतली पट्टी सुटली असेल किंवा आतला पडदा सोललेल्या कातडीसारखा निघत असेल, तर मात्र धुण्याने काही होणार नाही.

प्रश्न : सासऱ्यांचं मेण लावलेलं सुती जाकीट माझ्याकडे आलंय. मशीनमध्ये टाकू का?

उत्तर : कृपा करून नको. मशीन, गरम पाणी, साबण, तिन्ही मेण काढतात, आणि एकदा ते असं गेलं की पहिल्यासारखं एकजीव बसवणं फार कठीण. चिखल पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, मग गार पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजने पुसा. बस. घड्यांच्या जागी, कोपरांवर, खांद्यांवर कापड फिकट आणि कोरडं दिसायला लागलं की मेणाची वेळ झाली; नेहमी वापरात असेल तर वर्षातून एकदा. मेणाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करा, जुन्या बनियनच्या तुकड्याने थोडं थोडं चोळा, केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा द्या म्हणजे ते आत शिरतं. खिशांच्या आत आणि कॉलरच्या मऊ अस्तराला लावू नका. मग एक रात्र इतर कपड्यांपासून दूर टांगून ठेवा. सासऱ्यांच्या हातांनी पडलेल्या घड्या त्यावर असतील, त्या काही पुसल्या जाणार नाहीत.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते. पक्षीनिरीक्षणाला आजोबांचा लोकरीचा स्वेटर घालून जायचे. आईने मशीनमध्ये धुतला, तो आता लहान मुलाला येईल एवढा झालाय. परत मोठा होईल का?

उत्तर : वाईट वाटलं गं वाचून. माझ्या वडिलांचा स्वेटर मी स्वतः असाच घालवला आहे, आणि तोही कापडाच्या धंद्यात शिरल्यावर. घाईत गरम पाण्यात टाकला होता. तो आजही माझ्या कपाटात आहे.

लोकरीच्या प्रत्येक धाग्यावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. याला नमदा होणं म्हणतात. थोडाच आवळला असेल तर कोमट पाण्यात केसांचं थोडं कंडिशनर घालून अर्धा तास भिजव, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपून घे आणि सपाट पसरून हलक्या हाताने चारी बाजूंना ताणून टाचण्या लाव. एखादा इंच परत मिळू शकतो. तू वर्णन केलंस तितका झाला असेल तर तो मोठा होणार नाही. पण नमदा झालेली लोकर उसवत नाही. कापून दुर्बिणीसाठी पिशवी शिवलीस तर आजोबांचा स्वेटर तुझ्यासोबत रानात येत राहील.

पुढच्या लोकरीसाठी: ३० अंशांपेक्षा गार पाणी, चोळणं नाही, पिळणं नाही, टांगणं नाही. साबण एन्झाइमवाला नको. त्यातलं प्रोटीन पचवणारं एन्झाइम रक्ताचा डाग खातं तसं लोकरही खातं, कारण लोकर हे प्रोटीनच. प्रत्येक वेळी धुवायचीही गरज नाही, रात्रभर हवेवर टाकलं तरी पुष्कळदा पुरतं. मात्र महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर धुऊनच ठेव. कसरीच्या अळ्या घामाचे, अन्नाचे डाग असलेली लोकर आधी धरतात. भोकं दिसू लागली तर स्वेटर घट्ट पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. वस्तुसंग्रहालयांतही लोकरी वस्तू अशाच वाचवतात.

प्रश्न : मुलगा रानातून येतो आणि कपड्यांतून गोचिडी घरात येतात. मी कपडे लगेच थंड पाण्यात भिजवते. तरी दोनदा जिवंत सापडल्या. कपड्यांवर मारायचं औषध मिळतं म्हणतात, ते मारू का? घरात मांजर आहे.
– एक आई

उत्तर : भिजवण्याने त्या मरत नाहीत. गोचीड पाण्यात बराच वेळ तग धरते. तिला मारतं ते सुकणं. म्हणून क्रम उलटा करा. ड्रायर असेल तर कपडे न धुता, कोरडेच, जास्त उष्णतेवर १० मिनिटं फिरवा, आणि मग धुवा. कपडे ओले असतील तर जास्त वेळ लागेल. ड्रायर नसेल तर कापडाला सोसेल तिथे किमान ५४ अंश गरम पाण्यात धुवा. कोमट पाणी पुरत नाही. आणि कपड्यांआधी मुलाला बघा: काखा, गुडघ्यांच्या मागे, कमरेच्या पट्ट्याखाली, कानांमागे, केसांत. पिल्लावस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते.

औषध म्हणजे परमेथ्रिन, कपड्यांसाठी ०.५ टक्क्याचं येतं. ते कामाचं आहे, सैनिकांच्या गणवेशांनाही देतात. पण तुमच्या घरात मांजर आहे म्हणून थांबून वाचा. मांजराच्या शरीराला परमेथ्रिन मोडता येत नाही, औषध ओलं असताना त्याचा संपर्क झाला तर मांजराच्या जिवावर बेतू शकतं. फवारायचंच असेल तर घराबाहेर, वारा नसताना, हातमोजे घालून, कपडा अंगावर नसताना. आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्या बाजूला फिरकता कामा नये. कातडीवर मारायचं हे औषध नाही. मासे आणि मधमाश्यांनाही ते घातक आहे, उरलेलं मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका. साधारण सहा धुण्यांपर्यंत किंवा सहा आठवडे त्याचा असर राहतो, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. तुमच्या जागी मी असते तर आधी पँट मोज्यात खोचायची आणि फिकट रंगाची पँट घालायची सवय मुलाला लावली असती. फिकट कापडावर गोचीड चढताना दिसते.

प्रश्न : शिकारीनंतर बाह्यांवर रक्ताचे डाग राहतात. आणि माझी नारिंगी बंडी धुतल्यावर फिकी पडते, म्हणून ती मी धुवायचीच बंद केली आहे. दोन्हींवर उपाय सांगा.

उत्तर : रक्ताचं थोडक्यात. गार पाणी, आणि लवकर. गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन शिजतं आणि डाग पक्का होतो. वाहत्या गार पाण्याखाली कापडाच्या उलट्या बाजूने डाग धुवा, मग सुती-पॉलिएस्टर असेल तर एन्झाइमच्या साबणाच्या गार पाण्यात दोनेक तास भिजवा. वर लिहिलेली टॉर्चची परीक्षा या साबणालाही लावा. डाग राहिला तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग जात नाही ना ते पाहून. जनावराच्या रक्ताचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका आणि हाताळताना हातमोजे घाला.

बंडीबद्दल मात्र मला काळजी वाटली. ती बंडी हरणासाठी नाही, माणसासाठी आहे. दुसऱ्या शिकाऱ्याने झुडपामागची हालचाल म्हणजे तुम्ही आहात हे ओळखावं म्हणून ती घालायची, आणि शिकारीला परवानगी असलेल्या अनेक ठिकाणी ती कायद्यानेच सक्तीची आहे. तो रंग प्रतिदीप्त असतो: निळे आणि अतिनील किरण घेऊन नारिंगी उजेड बाहेर टाकतो, म्हणून अंधुक प्रकाशातही माणसाच्या डोळ्यात भरतो. हरणाला नारिंगी ओळखणारी पेशीच नाही, तेव्हा बंडीमुळे शिकार हुकेल ही भीती बाळगू नका.

मळलेली बंडी तिचं काम करत नाही, म्हणजे धुवायलाच हवी. उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने, ब्लीच आणि पेरॉक्साइड न लावता धुवा आणि सावलीत वाळवा. हे रंग उन्हाने सगळ्यात लवकर मरतात, म्हणून गाडीच्या मागच्या काचेपाशी ती पडून राहू देऊ नका. हंगामाआधी एखाद्या कोऱ्या बंडीशेजारी ती संध्याकाळच्या उजेडात धरा आणि वीस पावलं मागे जाऊन घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. तुमची बंडी पिवळट किंवा गाजराच्या किसासारखी फिकी दिसली तर त्याच दिवशी नवी घ्या. यात काटकसर करू नका.

प्रश्न : कुसळं आणि चिकटणाऱ्या बिया मोज्यांतून निघतच नाहीत. धुतल्यावर तर आणखी आत शिरतात.

उत्तर : धुण्याआधीच काढायच्या, तेही कोरड्या असताना. ओलं झालं की कुसळाचा पीळ उलगडतो आणि ते फिरत फिरत विणीत घुसत जातं. मोजा हातात घालून ताणा आणि बारीक दातांच्या फणीने, विणीच्या दिशेने, वरून खाली ओढा. गोल आकड्यांच्या बिया चिमटीत धरून फिरवल्या की सुटतात. १९४१ साली स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याने आपल्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अशीच बी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तिचे आकडे पाहिले आणि त्यावरून वेल्क्रो तयार केला. तेव्हा जाकिटाच्या वेल्क्रोच्या पट्ट्या धुताना बंद ठेवा, नाहीतर त्या तुमच्या लोकरी मोज्यांचं तेच करतील.

शक्य असेल तर ही साफसफाई घरी आणूच नका. रान सोडण्याआधी, वाटेच्या तोंडाशी बसून मोजे, बुटांच्या नाड्या आणि पँटच्या दुमडी झाडा. तिथली बी तिथेच राहते. दुसऱ्या रानात तुम्ही तेच बूट घालून गेलात आणि दुमडीतून चार बिया पडल्या, तर जे तण तिथे कधीच नव्हतं ते तुमच्यासोबत आलं असं होतं. ओढ्यात, तळ्यात उतरला असाल तर बूट घासून धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. मी पाठपिशवीत दात घासायचा जुना ब्रश ठेवते. बुटाच्या जिभेखाली तो बरोबर पोहोचतो.